पठारावरच्या सतरा खुणा

धाकट्याची चाल अशी होती, की तो चालतोय हे शेजारून चालणाऱ्यालाही कळायचं नाही. खांदे हलायचे नाहीत, धाप लागायची नाही, आणि तासाभराने मागे वळून बघावं तर खालचं गाव काडेपेटीएवढं झालेलं असायचं. कमावलेल्या अंगाचे पैलवान, फौजेतून निवृत्त झालेले साहेब, दोन-दोन काठ्या घेऊन, महागडे बूट घालून आलेले शहरी गडी, सगळ्यांना त्याने घाम फोडला. असा वाटाड्या त्या डोंगरात आधी झाला नाही आणि पुढे होणारही नाही. हे थोरला सगळ्यांना सांगायचा, आणि त्यात एक अक्षर जास्तीचं नव्हतं. बाकीच्या गोष्टी थोरला जरा फुगवून सांगायचा, तेवढं मान्य.

दोघंच भाऊ. आगगाडी जिथे संपते तिथून नऊ तास बस, आणि बस जिथे संपते तिथे यांचं घर. सहा खोल्यांचं लॉज, खाली चहाचा गल्ला, वर पत्रा. गावात पहिला पत्रा त्यांच्याच घरावर पडला आणि पहिली काचेची खिडकी त्यांच्याच भिंतीत बसली. गल्ल्यावर थोरला. डोंगरात धाकटा. थोरल्याच्या जिभेला हाड नाही असं त्याची बायकोच म्हणायची, आणि धाकट्याला गाव ‘मोजक्या’ म्हणायचं, कारण तो शब्द मोजून बोलायचा आणि पावलं मोजून चालायचा. एखाद्या पाहुण्याने विचारलं, “किती लांब आहे हो सरोवर?” तर थोरला सांगणार, “अहो, असं समजा की स्वर्गाच्या अलीकडचा थांबा.” धाकटा सांगणार, “अकरा तास. मध्ये एक मुक्काम.” आणि चहा पिऊन निघून जाणार.

तिथली डोंगररांग तीन पदरी आहे. पहिला पदर काळ्या दगडाचा, गावाच्या डोक्यावर आल्यासारखा उभा. तो चढून गेलं की दुसरा पदर, म्हणजे पठार. पालथ्या घातलेल्या परातीसारखं, सपाट, तीन तासांच्या चालीचं. झाड नाही, झुडूप नाही, नुसता करडा दगड. पलीकडे तिसरा पदर, बर्फाचा. तिथे दोन जोडशिखरं, आणि त्यांच्या मांडीत ते सरोवर. सकाळी राखेच्या रंगाचं, दुपारी मोरपिशी, आणि ढग आला की शाईसारखं काळं. ते बघायला लोक साडेचार महिने येतात. उरलेले साडेसात महिने वाट बर्फाखाली.

अवघड आहे ते पठारच. चढ-उतार सोसता येतो, पण सपाटीवर माणूस फसतो. दुपारनंतर दोन्ही दऱ्यांमधून धुकं वर येतं, दोन बाजूंनी कुणीतरी चादर ओढावी तसं, आणि मग आपले बूट आपल्याला दिसत नाहीत. दोन्ही कडांना पठार तुटलेलं आहे. म्हणून तिथे सतरा खुणा होत्या. दगडावर दगड रचून केलेले कमरेएवढे ढीग, माथ्यावर एकेक पांढरा दगड. एका खुणेपाशी उभं राहिलं की विरळ धुक्यातही पुढची दिसायची. त्या बापाने रचल्या होत्या, त्याच्याही बापाने आधी रचल्या असतील. दर वर्षी बर्फ वितळलं की वाटाड्याने वर जायचं, ढासळलेलं सावरायचं आणि मगच वाट मोकळी करायची. बापाने दोन्ही पोरांना नियम घालून दिला होता: पुढची खूण दिसल्याशिवाय मागची सोडायची नाही. एकही दिसली नाही तर बसायचं. आणि अठरावी कधी रचायची नाही.

थोरला गल्ल्यावर बसून सांगायचा की मी ते पठार चाळीस वेळा ओलांडलंय. खरं म्हणजे दोनदा, तेही बापाच्या मागे, त्याच्या कोटाकडे बघत. धाकट्याला हे माहीत होतं. पण चारचौघांत त्याने कधी थोरल्याला उघडं पाडलं नाही.

एका मोसमात मासिकवाला आला. गळ्यात कॅमेरा, बोटं शाईची, डोळ्यांखाली काळं. त्याने चार दिवसांत धाकट्याबरोबर सरोवर बघितलं, पाचव्या दिवशी गल्ल्यासमोर बसला आणि म्हणाला, “फोटो झाले. आता एखादी आख्यायिका हवी.”

“जोडशिखरांची आहे ना,” थोरला म्हणाला. “ती दोघं नवरा-बायको. एकदा भांडली, बोलणं टाकलं. मधलं सरोवर म्हणजे पाण्याचं भांडं. आधी तू उचल, नाही आधी तू उचल, असं करत दोघं अजून अडून बसलीत.”

मासिकवाला हसला, पण त्याने लिहून घेतलं नाही. “ही छापून झालीय हो. प्रत्येक पुस्तकात आहे. नवीन काही नाही?” मग तो धाकट्याकडे वळला. “ते दगडांचे ढीग कसले? त्यामागे काही कथा?”

“वाट दाखवायला,” धाकटा म्हणाला.

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

मासिकवाल्याने पेनाला टोपण लावलं, वही मिटली, आणि ते थोरल्याला लागलं. आपल्या डोंगराकडे कथा नाही म्हणून एक माणूस वही मिटतो, हे त्याच्या काळजाला झोंबलं. तो म्हणाला, “त्याला काय विचारता साहेब, तो हिशोबी माणूस. मी सांगतो.” आणि सांगितलंच. चहा गाळता गाळता, तिथल्या तिथे. एक बाई होती, तिचा नवरा सरोवराकडे गेला तो परतलाच नाही. ती रोज पठारावर जाऊन एक दगड ठेवायची. हजारावा दगड ठेवला आणि धुक्यातून तो चालत आला. तेव्हापासून जो कुणी तिथे दगडावर दगड ठेवून मनात इच्छा धरतो, त्याची ती पुरी होते.

धाकटा दारात बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याने मान वर करून थोरल्याकडे बघितलं, आणि पुन्हा नाड्या बांधायला लागला. तेव्हाच त्याने तोंड उघडायला हवं होतं असं पुढे पुष्कळांनी म्हटलं. पण पाहुण्यासमोर मोठ्या भावाला खोटं पाडणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

मासिक आलं. आत मधल्या दोन पानांवर धाकट्याचीच एक खूण, माथ्यावर पांढरा दगड, मागे जोडशिखरं. खाली गोष्ट, अक्षरन् अक्षर. थोरल्याने ती पानं काच लावून गल्ल्यामागे टांगली. पुढच्या मोसमात बसमध्ये उभं राहायला जागा मिळेना. पर्यटन खात्याने आपल्या माहितीपत्रकात गोष्ट घेतली. गावात आणखी चार लॉज झाली, तीही पत्र्याचीच. लोक बसमधून उतरायचे आणि विचारायचे, “ते इच्छेचे दगड कुठे आहेत?” थोरल्याची छाती इंचभर फुगलेली असायची. आणि फुगू नये का? जिथे नकाशावाले नाव लिहायचं विसरत होते, तिथे त्याने एका गोष्टीवर जग आणून उभं केलं.

वर मात्र ढीग वाढत होते. पहिल्या मोसमाच्या शेवटी धाकट्याने मोजले, एकशेचाळीस. दुसऱ्याच्या शेवटी त्याने मोजणं सोडलं. लोकांना फोटोतल्यासारखं हवं असायचं, म्हणून माथ्यावर पांढरा दगड शोधून ठेवायचे. धाकटा दर पंधरवड्याला वर जायचा आणि खोटे ढीग पाडत फिरायचा. एकदा एका बाईने ते बघितलं. आजारी मुलीसाठी तिने सकाळी दगड ठेवला होता. ती खाली येऊन गल्ल्यासमोर रडली.

त्या संध्याकाळी थोरल्याने धाकट्याला मागच्या खोलीत घेतलं. तिथे सरपण आणि पाहुण्यांच्या जादा गाद्या. धाकटा गाद्यांच्या ढिगाला टेकून उभा राहिला.

“लोकांच्या इच्छांवर लाथ मारतोस? लाज नाही वाटत?”

“इच्छा त्यांनी खाली ठेवाव्यात. तिथे माणूस वाट चुकेल.”

“तू असताना कोण चुकेल? डोळे बांधून जाशील तू.”

“मी सगळ्यांबरोबर नसतो, दादा. आता नकाशे घेऊन आपापले जातात.” आयुष्यात त्याने थोरल्याकडे काही मागितलं नव्हतं. “एकच कर. बसमधून उतरतात तेव्हा सांग, की ती गोष्ट मी रचली. गंमत म्हणून रचली. तू सांगितलंस तर ऐकतील. तुझंच ऐकतात.”

“आणि मी खोटारडा ठरू? काच लावलीय रे मी तिला.”

“काच काढता येते.”

“बघू,” थोरला म्हणाला. “मोसम संपू दे.”

धाकट्याने मान हलवली. पुन्हा विषय काढला नाही. पण मोसम संपला, दुसरा लागला, आणि थोरल्याने काही सांगितलं नाही. गल्ल्यापुढे चेहरे आले, की जीभ आपोआप त्या बाईच्या हजाराव्या दगडाकडे जायची. ते चेहरे कसे फुलायचे. तेवढं सोडवेना.

मग तो दिवस. तिघं मित्र वाटाड्याशिवाय वर गेले होते. दुपारी धुकं चढलं, काळ्या दगडाचा पदरही दिसेना. धाकटा घरी होता. त्याच्या बायकोने, घरात तिला धाकटीच म्हणायचे, ताट वाढलं होतं. खेचरवाल्याने निरोप आणला की तिघं उतरलेले नाहीत. धाकट्याने ताटावर झाकण ठेवलं.

“जेवून जा,” धाकटी म्हणाली.

“आल्यावर.”

पाचव्या खुणेपाशी त्याला दोघं सापडले, एकमेकांना धरून बसलेले. तिसऱ्याचं विचारलं तर म्हणाले, मागे राहिला, हाका मारल्या, उत्तर नाही. धाकट्याने त्यांना आपला कोट दिला. म्हणाला, या खुणेला पाठ लावून बसा, धुकं जाईपर्यंत उठू नका, मी त्याला घेऊन येतो. आणि वाट सोडून आडवा गेला.

तिसरा पोरगा पठारावर गेलाच नव्हता. टाचेला फोड आले म्हणून चढावरूनच मागे फिरला होता, मित्रांना सांगायचाही कंटाळा केला. आणि त्या वेळेला तो लॉजवर, गल्ल्यासमोर, गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसला होता. थोरला त्याला गोष्ट सांगत होता. धाकटा वर गेलाय हे थोरल्याला माहीत नव्हतं, निरोप लॉजमागच्या धाकट्याच्या घरी गेला होता. आणि हा पोरगा त्या तिघांतला, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. सगळी गोष्ट सांगितली, पहिल्या दगडापासून हजाराव्यापर्यंत. पोरगा म्हणाला, “काका, तुम्ही फार छान सांगता.” तासाभराने धाकटी नवऱ्याचं विचारायला आली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं लख्ख होतं. थोरला, खेचरवाला आणि एक पोलीस वर गेले. ते दोघं मित्र पाचव्या खुणेपाशी जिवंत होते. पुढे थोरला म्हणाला, “मला वाट माहीत आहे, माझ्या मागून या.” आणि निघाला. समोर ढीगच ढीग, उन्हात पांढरे माथे चमकतायत, जिकडे बघावं तिकडे. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा तो गेला, आणि खेचरवाल्याने मागून दंड धरला. दोन पावलांवर पठार तुटलं होतं. “मालक,” खेचरवाला हळू म्हणाला, “तुम्ही मागे या.”

धाकटा तिथून थोड्याच अंतरावर, त्याच कडेला सापडला. एका ढिगाला पाठ लावून बसला होता, अंगात नुसता शर्ट. ढीग त्याचा नव्हता. धुक्यात पांढरा माथा दिसला, तो त्याच्या रोखाने आला, मग पुढचा दिसला, आणि कड्यापाशी येऊन त्याला कळलं असणार की आपण आपल्या वाटेवर नाही. मग बापाने सांगितलं होतं ते त्याने केलं. बसला. कोट असता तर रात्र निघाली असती, असं डॉक्टर म्हणाला.

घरी ताटावर झाकण तसंच होतं. धाकटीने ते तीन दिवस कुणाला उचलू दिलं नाही.

थोरल्याने काच उतरवली. दुसऱ्याच बसला, उतरणाऱ्या प्रत्येकाला, तो हात जोडून सांगायला लागला, “ती गोष्ट खोटी आहे. मी रचली. वर दगड रचू नका, माझा भाऊ गेला त्यात.” लोक थांबायचे, एकमेकांकडे बघायचे. एक चष्मेवाला बायकोला समजावताना ऐकू आला, “गर्दी वाढू नये म्हणून स्थानिक लोक असं सांगतात. जुन्या श्रद्धा जपतात ही माणसं.” एका पोरीने थोरल्याचा हात हातात घेतला, “काका, तुमच्या भावासाठी मी वर एक दगड ठेवते हं.” तिला काय बोलणार? ती चांगल्या मनाने बोलली होती.

तो पर्यटन खात्यात गेला, एक दिवस जायला आणि एक यायला. कारकुनाने माहितीपत्रक काढलं, पान उघडलं.

“म्हणजे ही आख्यायिका खोटी आहे असं तुमचं म्हणणं.”

“मीच रचलीय साहेब.”

“पुरावा?”

“रचल्याचा कसला पुरावा? चहा गाळत होतो मी.”

“बघा काका, आख्यायिका खरी आहे असं आम्ही तरी कुठे म्हटलंय? वर ‘असे म्हणतात’ लिहिलंय. आता लोक म्हणतात, त्याला खातं काय करणार?” तो माणूस वाईट नव्हता. थोरल्याला त्याने पाणी दिलं, अर्ज लिहून घेतला आणि शिक्का मारून एका गठ्ठ्यात ठेवला.

हिवाळाभर थोरला गल्ल्यावर बसला नाही. बायको बसली. तो मागच्या खोलीत गाद्यांपाशी बसून राहायचा.

बर्फ वितळलं तेव्हा पहिली बस यायला बारा दिवस होते. थोरल्याने पहार खांद्यावर टाकली. धाकटी आपणहून आली, डोक्याला रुमाल बांधून. खेचरवाला होताच. “धाकट्याच्या सतरा तेवढ्या ठेवायच्या,” थोरला चढताना म्हणत होता, “बाकी एकही नाही. त्याची वाट मी त्याच्यासारखी करून ठेवणार.” गुडघे बोलत होते तरी तो म्हणत होता.

वर पोचल्यावर तो उभाच राहिला. शेकडो ढीग. यातल्या त्याच्या कुठल्या?

“तुला दाखवल्या होत्या का त्याने?” त्याने धाकटीला विचारलं.

“मला ओढ्याच्या पुढे कधी आणलं नाही. म्हणायचे, वर बघायला काही नाही, दगड आहेत.” मग ती म्हणाली, “तुम्ही तर चाळीसदा आलात ना, भाऊजी?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं, नवऱ्याने तिलाही कधी वेगळं सांगितलं नव्हतं. थोरला म्हणाला, “दोनदा.” खेचरवाल्याने दुसरीकडे तोंड केलं.

सरसकट पाडायला सुरुवात केली. ढीग लगेच पडत होते, एका धक्क्यात, लहान मुलाच्या खेळासारखे. काहींत चिठ्ठ्या होत्या, पाण्याने अक्षरं गेलेल्या. धाकटी त्या गोळा करून ओटीत ठेवत होती. दुपारी थोरल्याने एका ढिगाला खांदा लावला आणि तो हललाच नाही. पुन्हा लावला. खाली वाकून बघितलं तर बुडाचे दगड हातभर जमिनीत पुरलेले, आणि प्रत्येक फटीत कपच्या ठोकलेल्या, नख जाणार नाही अशा. त्याने त्या दगडावर हात ठेवला. “हा माझ्या भावाचा,” तो म्हणाला. “बघा, आहे का कुणाची टाप हलवायची?”

आता कळलं कसं ओळखायचं ते. जे ढकलून पडतं ते लोकांचं. जे पडत नाही ते धाकट्याचं. सात दिवस ते तिघं तेच करत राहिले. आठव्या दिवशी मोजलं. अकरा.

पुन्हा सगळं पठार पालथं घातलं. अकराच. सहा खुणांच्या जागी काहीच नव्हतं. लोकांनी आपल्या इच्छांसाठी त्यांचेच दगड काढून नेले होते, वरून सुरुवात करून बुडापर्यंत. थोरल्याने एक नवी रचून बघितली, पहारीने खणून, कपच्या ठोकून. ढीग उभा राहिला, पण बरोबर जागी राहिला का? खेचरवाला मागच्या खुणेपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात हलवले: दिसत नाही. दहा पावलं इकडे घेतली, तर पुढची दिसेना. हात वळत होते, जागा ठाऊक नव्हती. जागा फक्त धाकट्याला ठाऊक होती.

“अकरा तर आहेत,” खेचरवाला म्हणाला. “अकरांवर काही...”

“माणूस सहाव्यापर्यंत येईल,” धाकटी म्हणाली, “आणि मग समोर काही नसेल.”

वारा होता.

“पाडा,” ती म्हणाली.

थोरल्याने पहार घेतली. पहिल्या खुणेला दुपार गेली. कपच्या एकेक काढाव्या लागत होत्या, त्या ठोकणाऱ्याने त्या निघण्यासाठी ठोकल्या नव्हत्या. हाताला फोड आले, फुटले. खेचरवाला पहार मागायला लागला तर त्याने दिली नाही. बापाने आणि भावाने जे आयुष्यभर उभं केलं, ते त्याने चार दिवसांत आपल्या हातांनी जमिनीला मिळवलं. अकरावी पडली तेव्हा पठार असं झालं, की त्यावरून कधी माणूस गेला असेल असं वाटू नये.

उतरताना धाकटी पुढे होती. ओढ्यापाशी तिने ओटीतल्या चिठ्ठ्या पाण्यात सोडल्या, एकाही चिठ्ठीकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी बस आली. गल्ल्यावर थोरलाच होता, हातांना फडकी बांधून. एक तरुण जोडपं पाठीवरची ओझी उतरवून बाकावर बसलं. सरोवराची वाट कुठून आहे, त्यांनी विचारलं.

“वाट नाही,” थोरला म्हणाला.

“पण पत्रकात तर आहे.”

“होती. माझ्या भावाची होती. त्याच्यासारखा वाटाड्या या डोंगरात झाला नाही.”

“मग आता कोण नेतं?”

“कुणी नाही,” तो म्हणाला, आणि त्यांच्यासमोर दोन कप ठेवले. मुलगी काचेच्या खिडकीतून वर बघत होती. काळा पदर उन्हात होता आणि त्याच्या पलीकडचं इथून काही दिसत नव्हतं. “काका,” तिने विचारलं, “एखादी गोष्ट तरी असेल ना त्या डोंगराची?”

थोरल्याने चहा गाळला. फडक्यातून रक्त आलं होतं, ते त्याने गल्ल्याखाली पुसलं.

“दगड आहेत, पोरी,” तो म्हणाला. “दुसरं काही नाही.”